प्रागचं प्रस्थान

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून ही वही. कारण, योगिनी येत्या शनिवारी प्रागला जाते आहे. जर्मनीत शिकायला गेली त्याला तेरा महिने झाले, पण त्या माग्डेबुर्ग गावाबाहेर पोरगी अजून पडलेली नाही. आता ओमकार आणि मेघना या दोन वर्गमित्रांबरोबर वीकेंड ट्रिप. बजेट ट्रिप. पहाटेची बस, एक मुक्काम स्वस्त हॉस्टेलात, रविवारी रात्री परत.

हे सगळं वासंतीकडून कळलं. योगिनी रोज आईला फोन करते. शेवटी विचारते, बाबा कसे आहेत. वासंती सांगते, बरे आहेत. मी शेजारच्याच खुर्चीत असतो. तक्रार नाही. परदेशातून दोघांशी बोलणं महाग पडत असेल. वासंती म्हणते व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत. पडतही नसतील.

निर्णय: या ट्रिपचं प्लॅनिंग मी करणार. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं साहेबलोकांचे टूर प्रोग्रॅम मीच काढले. एकही साहेब हरवला नाही. आणि प्रागमध्ये आहे काय? नदी आणि पूल. म्हणजे आपलाच विषय.

वासंती म्हणाली, तुमच्याकडे पासपोर्ट तरी आहे का. टूर प्रोग्रॅम काढणाऱ्याने टूरवर जायचं नसतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. रात्री ८

सकाळी यूट्यूबवर प्रागचे चार व्हिडिओ पाहिले. आता डोळे मिटून फिरू शकतो.

दुपारी मेतकुटाचं सामान आणायला आपल्याच शहरातल्या बेगम बाजारात गेलो. परत येताना दीड तास चुकलो. रस्ते खोदून ठेवलेत, माझा इलाज नाही.

टूर प्रोग्रॅम तयार. अकरा पानं, बेचाळीस कलमं. त्यांच्या ग्रुपवर टाकला. (ग्रुपमध्ये मला घ्यायला योगिनीला दीड दिवस लागला. अभ्यास फार असतो.) काही ठळक कलमं:
कलम ९. पुलावर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. वारा असतो.
कलम १४. बाहेर खाऊ नये. हॉस्टेलात स्वयंपाकघर असतं. मुगाची डाळ, तांदूळ बरोबर ठेवावेत.
कलम ३१. कोणी कुठे जायचं विचारलं तर सांगू नये.

ओमकारचा अंगठा आला. मेघनाने हात जोडले. योगिनीने लिहिलं, लाइट लो बाबा, म्हणजे फार मनावर घेऊ नका. मंजुरी समजायला हरकत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी फिरायला गेलो असताना नामदेवरावांना प्रागचा पूल नीट समजावून सांगितला. ते आमच्याच गल्लीत राहतात. मुलगा अमेरिकेत, म्हणून स्वतःला जाणकार समजतात. त्यांनी विचारलं, एकनाथराव, शनिवारी पूर्वेकडे कशी पाठवताय पोरीला?

चटका बसला. शनिवारी पूर्वेला दिशाशूळ! प्राग पूर्वेलाच पडतं, थोडं दक्षिणेकडे कललेलं. एवढी बेचाळीस कलमं लिहिली आणि हेच राहिलं.

इलाज मात्र आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्रस्थान ठेवायचं. वाईट वारी निघावं लागणार असेल तर आधी चांगल्या वारी आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्या दिवशीच निघालो असं धरतात. जायच्या दिवशी जाता जाता ती उचलायची. उद्या बुधवार आणि त्रिपुरी पौर्णिमा. सोन्याहून पिवळं.

हे थोतांड नाही, अनुभव आहे. गेल्या वर्षी योगिनीचं विमान नेमकं शुक्रवारी होतं, आणि जायचं पश्चिमेला. तिला प्रस्थानाचं सांगितलं तर खो खो हसली. मग मी गुपचूप तिची निळी ओढणी सुपारीसकट नामदेवरावांकडे ठेवून आलो. विमान सुखरूप पोचलं. वेळेच्या दहा मिनिटं आधी. विमानतळाच्या धांदलीत ओढणी उचलायची तेवढी राहिली, ती अजून त्यांच्याकडेच आहे. तो तपशील.

योगिनीला सविस्तर मेसेज केला. ओढणीचंही लिहिलं, दाखला म्हणून.

५ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ८

योगिनीने मला मेसेज केला. मला. ग्रुपवर नाही, आईमार्फत नाही. विचारलं, बाबा, प्रस्थानात काय ठेवू?

चष्मा पुसावा लागला. उन्हामुळे.

पूर्ण विचार करून उत्तर दिलं. नुसती सुपारी ठेवून आपण निघालो, हे देवाला पटेल, जर्मन सरकारला पटणार नाही. वस्तू अशी हवी की तिच्याशिवाय माणूस निघूच शकत नाही. म्हणजे पासपोर्ट. रुमालात पासपोर्ट, चार दाणे तांदूळ आणि सुपारी. सुपारी नसेल तर बदाम.

संध्याकाळी फोटो आला. रुमालाची छान पुरचुंडी. प्रियदर्शिनीच्या खोलीवर ठेवली म्हणे. ही आपल्या मलकपेठची मुलगी, तिकडेच शिकते, ट्रिपला जाणार नाही. मॅपवर पाहिलं, तिची खोली बस स्टँडच्या वाटेवर आणि बरोब्बर आग्नेयेला. पोरगी माझ्यावर गेलीय.

वासंतीला फोटो दाखवला. ती म्हणाली, पासपोर्ट? तुम्ही नक्को मध्ये पडू हो. बायकांना सिस्टिम कळत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ग्रुपवर शांतता. दुरुस्तीची तीन कलमं टाकली, कोणाचीच हरकत नाही. शिस्त म्हणतात ती ही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री ९

योगिनीचा पुन्हा मेसेज. तीन दिवसांत दुसरा! विचारत होती, बाबा, पासपोर्ट आजच घेऊन येऊ का, सकाळी घाई होईल.

ठाम उत्तर दिलं. अजिबात नाही. प्रस्थान एकदा ठेवलं की घरी परत आणायचं नसतं, आणलं तर मोडतं. उद्या जाता जाता उचल. पाच मिनिटांचं काम.

तिने लिहिलं, हौ बाबा.

योग्य वेळी ठाम राहणं हाच अनुभवाचा फायदा.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.१०

त्यांच्याकडे पाच चाळीस. बस सुटली. देवापुढे साखर ठेवली.

१०.४०. मेसेज नाही. बसमध्ये रेंज नसणार.

११.००. वासंतीला योगिनीचा फोन. वासंती फोन घेऊन गॅलरीत गेली, दार लोटून घेतलं. पन्नास मिनिटं! पोरगी खिडकीतून युरोप बघत चाललीय आणि ही तिला घरगुती गप्पांत अडकवते. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हटलं, काय झालं. म्हणाली, कांदा. गॅलरीत कांदे असतात खरे.

संध्याकाळी ६.३०. योगिनीकडून प्रागचे फोटो! एकूण नऊ. पूल, घड्याळ, पुलावर ओमकार, घड्याळाखाली मेघना, दोघं मिळून पाव खाताना (कलम १४ चा भंग, नोंद घेतली). योगिनी एकाही फोटोत नाही. साहजिक आहे, काढणारा फोटोत नसतोच. चौऱ्याण्णव साली नागार्जुनसागरच्या इन्स्पेक्शनला सगळे फोटो मी काढले, मी एकातही नाही. मी आलो होतो हे पटवून द्यायला पुढे फार त्रास झाला.

मेघनाच्या अंगात योगिनीचा लाल स्वेटर दिसला, वासंतीने विणलेला. थंडीत आपला स्वेटर दुसऱ्याला! दिलदारी ठीक, पण कलम २२ (अंगातले गरम कपडे काढू नयेत) वाचलेलं दिसत नाही.

उत्तर पाठवलं, फोटो उत्तम, पूल मजबूत वाटतो.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नामदेवरावांना नऊच्या नऊ फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, तुमची मुलगी कुठाय यात? म्हटलं, ती फोटोग्राफर. ते नुसतं हूं म्हणाले. जळतात.

दुपारी वासंतीला पुन्हा फोन. स्वयंपाकघरातून तुकडे ऐकू आले. डाळ किती, पाणी किती, झाकण ठेवायचं की नाही. म्हणजे पोरगी हॉस्टेलात मुगाची खिचडी टाकते आहे! कलम १४! अख्खं प्राग बाहेर पाव खात बसलंय आणि माझी लेक डाळ-तांदूळ धुते आहे. ऊर भरून आला. वासंतीला तसं म्हटलं तर ती नुसतं जेवायला वाढते म्हणाली.

सायंकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकला. 'योगिनीची प्राग यात्रा सफल. नियोजन: एकनाथराव.' सोबत नऊ फोटो. तासाभरात तेवीस अभिनंदनं. परभणीच्या मेहुण्याने विचारलं, आमच्या पोराच्या ट्रिपचं पण बघाल का. बघू म्हटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

योगिनी प्रागला गेलीच नाही.

वासंतीने सकाळी सांगितलं. मेहुण्याला द्यायला मी दरपत्रक काढत बसलो होतो. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि समोर बसली.

झालं असं. प्रियदर्शिनी पार्सलच्या गोदामात पार्टटाइम काम करते. शनिवारी पहाटे तिला अचानक शिफ्टला बोलावलं. फोन लॉकरमध्ये, खोलीला कुलूप, आत पासपोर्ट. योगिनी दारावर उभी राहून फोन करत बसली. पासपोर्टाशिवाय बॉर्डरवर उतरवतात. पाच पस्तीसला तिनेच ओमकार-मेघनाला जा म्हटलं. मेघनाने स्वेटर आणला नव्हता, तर स्वतःचा काढून दिला. तिकीट बजेटचं, ना बदलता येतं ना परत घेतात. दोन दिवस खोलीत एकटी होती. फोटो ओमकारने तिला पाठवले, तिने मला.

मी म्हटलं, प्रस्थानाच्या शास्त्रात दोष नाही, अंमलबजावणीत आहे. दुसरी किल्ली ठेवायला हवी होती. गोदामाच्या शिफ्टचं आधी लेखी घ्यायला हवं होतं. वासंतीने बोलू दिलं. मग म्हणाली, तिने तुमची अकरा पानं उघडलीसुद्धा नाहीत हो. एवढी एकच गोष्ट केली. ती ओढणीची हकीकत वाचून रडली, म्हणाली, आई, मी तेव्हा हसले होते गं. म्हणून केलं. आणि बाबांना सांगू नको म्हणाली, त्यांनी एवढ्या हौसेने सगळं केलंय.

मग इतके दिवस का नाही सांगितलंस, असं विचारणार होतो. पण दोनच दिवस झाले होते.

दुपारी १.१५. माझा फोन वाजला. माझा. योगिनी. म्हणाली, सॉरी बाबा, खोटे फोटो पाठवले. मी बोलायचे सात मुद्दे कागदावर काढून ठेवले होते. त्यातला एकही बोलता आला नाही. विचारलं, खिचडी बरी झाली का. म्हणाली, करपली. मी म्हटलं, चुकलं माझं, बेटा. हा मुद्दा कागदावर नव्हता.

मग तिने विचारलं, ओढणी नामदेवकाकांकडेच आहे का अजून? म्हटलं, हो, आहे तशीच आहे, उद्याच आणतो. तर म्हणाली, नका आणू. राहू द्या. पुढच्या वर्षी घरी येईन तेव्हा मीच उचलीन.

रिपोर्ट काढून टाकायला गेलो. चुकून फक्त माझ्या फोनमधून गेला, बाकी सगळ्यांकडे आहे तसाच. अभिनंदनं एकतीस.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नामदेवरावांकडे गेलो. नुसती बघायची होती.

त्यांना ओढणी आठवेना. बरंच आठवल्यावर त्यांनी कामवाल्या गंगूला हाक मारली. गंगूने जिन्याखालून एक फडकं आणून दिलं. वर्षभर ती स्कूटर त्यानेच पुसते. सुपारी तेव्हाच कोणीतरी खाल्ली. नामदेवराव ओशाळून म्हणाले, तुम्ही दुसऱ्या दिवशी न्याल असं वाटलं होतं. बरोबर आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

फडकं खिशात घालून आणलं. वासंती भाजीला गेली होती तेवढ्यात बादलीत भिजवलं, तीनदा साबण लावला. काळे डाग गेले नाहीत. निळा रंग कडेला थोडा राहिलाय. आता गच्चीवर वाळत घातलीय.

नवी सुपारी आणली आहे. ऊन चांगलं आहे, संध्याकाळपर्यंत वाळेल. मग नामदेवरावांकडे परत ठेवून येईन.