तुमचं सोसणं आणि आईचं बोलणं

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली डाव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. हाताला फडकं गुंडाळून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेलात. संत तुकाराम नगरातली आपली खोली माणसांनी भरून गेली होती आणि येणारा प्रत्येकजण म्हणत होता, "वाघ आहे राव!" मी नववीत होते, मलाही तुम्ही वाघच वाटलात. आल्यागेल्याचा चहा करून आईची कंबर मोडली, तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

पण आईला खरं ठाऊक होतं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, हात वाचावेत म्हणूनच तर ती सोय. माल भराभर निघावा म्हणून साहेबानं एक बटण दाबलेलंच राहील असं तारेनं बांधायला लावलं होतं, हे तुम्हीच तिला सांगितलं होतंत. आणि चौकशीत लिहून काय दिलंत, तर माझंच लक्ष नव्हतं. पट्टी बांधलेल्या हातानं तुम्ही कामावर हजर झालात, त्या दिवशी शिफ्ट सुटताना आई मला घेऊन कंपनीच्या गेटवर गेली. शे-दीडशे गड्यांसमोर तिनं साहेबाला विचारलं, "बटण बांधायला कुनी सांगितलं व्हतं? बोला की!" साहेबानं तुमच्याकडे पाहिलं. बोललात तुम्ही. "डोकं फिरलंय हिचं साहेब, मनावर घेऊ नका." घरी येऊन वर तिलाच ऐकवलंत, "बाईचं धाडस नुस्तं तोंडात. गडी सोसतो, बोलत न्हाई." पुढच्या वर्षी त्याच प्रेसवर दुसऱ्या एकाचा अख्खा पंजा गेला. तुमचं सोसणं त्याच्या काय कामाला आलं, आप्पा?

आता मी चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. तुम्हाला दाखवून द्यायचं म्हणूनच ही नोकरी धरली, असं म्हटलं तरी चालेल. गेल्या आठवड्यात माझ्या लाइनवरची एक पोरगी मशीनपासून मागे सरकली. तिथंही बटण बांधलेलं. म्हणाली, "मॅडम, आधी तार सोडा, मग चालवते." मागून पोरं खिदळली, "बायकांत दमच नाही भावा!" माल अडला होता, वरून फोनवर फोन येत होते. तार सोडायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणाले, "आजचा दिवस चालव, नाहीतर घरी जा." तिनं बॅग उचलली आणि ती गेली. कागदावर मी लिहिलं, स्वतःहून काम सोडलं.

गडी भित्रे आणि बाया धीट, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. खुर्ची मिळाली आणि मी तुमच्याहून वाईट निघाले. तुम्ही निदान स्वतःची बोटं गमावलीत, मी दुसरीची पणाला लावायला निघाले होते. आई आत मेथी निवडत बसली आहे. तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही. मेलेल्या माणसाला लिहायला धाडस लागत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.