कनात उतरवायचा पक्का प्लॅन

मंगळवार, १ एप्रिल
ईदची सुट्टी. कॅम्पवाल्यांचा मेसेज आला. सीझन संपला. वाळवंटातले सगळे विंटर कॅम्प ३० एप्रिल, दुपारी चारच्या आत उतरवून जागा साफ करायची. चारनंतर पालिकेचा लोडर फिरणार, जे उभं दिसेल ते उचलून डंपमध्ये. आमच्या पाच फॅमिलींच्या कॅम्पचं परमिट माझ्या नावावर आहे ते बरं. मित्राच्या, मेल्विनच्या नावावर असतं तर मला टेन्शन आलं असतं.

जबल अलीच्या बंदरात महिन्याला चारशे कंटेनर हलवणारा माणूस मी. एक तंबू हलवायला किती वेळ लागतो?

फिलोमिना म्हणाली, खुर्च्या, शेगडी, जनरेटर सगळं गेलं तरी चालेल, पण पपांची कनात धडपणे घरी आण. मी म्हटलं, आणली समज. तिचे पपा, म्हणजे माझे सासरे पास्कल डाबरे, नंदाखाल गावचे मंडपवाले. दोन वर्षांपूर्वी वारले. मेव्हण्यांनी धंदा मोडला, सामान विकलं. हिच्या वाट्याला एक लाल-पिवळी कनात आली, कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने त्यांचं नाव शिवलेली. ती देरा बाजारातल्या शौकतभाईंच्या कार्गोतून इथे आणली आणि नोव्हेंबरात तंबूला चारी बाजूंनी लावली. आयडिया माझी. वाळवंटात इंडियन टच.

संकल्प: या शनिवारी काम खलास.

गुरुवार, ३ एप्रिल
शौकतभाईंचा फोन. म्हणाले, हर्बर्टभाई, शनिवारी माझी पिकअप रिकामी आहे, दोघं जाऊ, दोन तासांत गुंडाळून येऊ. माणूस चांगला, पण रत्नागिरीची घाई. मी सांगितलं की असं उठून जायचं नसतं, आधी सर्व्हे, मग इन्व्हेंटरी, मग डिसमँटलिंग. ते म्हणाले, बरं बाबा, आणि फोन ठेवला. बहुतेक इम्प्रेस झाले.

शनिवार, ५ एप्रिल
सर्व्हे झाला. मी आणि मेल्विन गेलो. मेल्विन हॉटेलात शेफ आहे, त्यामुळे सर्व्हेला मॅरिनेट केलेला हमूर घेऊन आला. ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे म्हणून मटण नाही. मासे भाजायला शेगडी लागली, शेगडीला सावली लागली, म्हणून कनातीची एक बाजू जी मागच्या वाऱ्याने सुटली होती ती आम्ही पुन्हा घट्ट बांधली. म्हणजे आज तंबू उतरण्याऐवजी थोडा जास्त उभा राहिला. पण सर्व्हे पूर्ण.

घरी फिलोमिनाने विचारलं, कनात? मी म्हटलं, स्टेबल आहे.

गुरुवार, १० एप्रिल
ऑफिसात एक्सेलमध्ये चार्ट केला. अकरा स्टेप्स, पाच रंग. कनात स्टेप सातमध्ये, हिरव्या रंगात. कॅरलला दाखवला. म्हणाली, डॅडा, इट्स अ टेंट, जस्ट गो अँड पुल इट डाउन. नववीतली मुलगी. प्लॅनिंग यांना शिकवतच नाहीत.

रविवार, १३ एप्रिल
झावळ्यांचा रविवार. चर्चमध्ये गर्दी, पार्किंग नाही, दिवस गेला. कालचा शनिवार चार्ट फायनल करण्यात गेला. चार्टप्रमाणे आपण वेळेच्या आधी आहोत, कारण मी तारखा पुढे घेतल्या.

बुधवार, १६ एप्रिल
मेल्विनने ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. कॅम्पना १५ मेपर्यंत एक्स्टेंशन. मला माहीत होतं. अठरा वर्षं या देशात आहे. इथे शेवटच्या दिवशी एक्स्टेंशन येतंच. जे धावतात ते नवीन लोक.

फिलोमिनाने विचारलं, ऑफिशियल आहे का? मी म्हटलं, येईल. म्हणाली, तू उंटावरून शेळ्या हाकतोयस. मी हसलो. निदान इथे उंट तरी मिळतात, म्हटलं. ती हसली नाही.

सोमवार, २१ एप्रिल
काल ईस्टर. पाचही फॅमिली कॅम्पवर. शेवटची पार्टी आणि लगेच उतरवणं, असा दुहेरी कार्यक्रम होता. पहिला भाग उत्तम झाला. दुसऱ्या भागाच्या वेळी सगळे जेवून कलंडले. फिलोमिना एकटी खुर्चीवर चढून कनातीच्या गाठी सोडायला लागली. मी तिला खाली उतरवलं. ईस्टरला बायको खुर्चीवर चढून काम करते आणि नवरा बघतो, लोक काय म्हणतील? आणि स्टेप सात आधी केली तर स्टेप तीनचं काय?

परतताना ती गाडीत मागच्या सीटवर कॅरलजवळ बसली.

शनिवार, २६ एप्रिल
ऊन ४३. अशा उन्हात प्रोफेशनल माणूस कामाला जात नाही. आराम केला. एक्स्टेंशन अजून आलं नाही. उद्या येईल.

सोमवार, २८ एप्रिल
एक्स्टेंशन नाही. कॅम्पवाल्यांचा पुन्हा मेसेज, ठळक अक्षरांत. मेल्विनला विचारलं, तुला फॉरवर्ड कोणी पाठवला? म्हणाला, मागच्या वर्षीचा होता मॅन, मला वाटलं तुला माहीत आहे. गाढव.

शौकतभाईंना फोन केला. पिकअप फुजैराला गेली आहे. दोन दिवसांनी येईल.

 

मंगळवार, २९ एप्रिल
सोल्यूशन सापडलं. आमच्या वेअरहाऊसला माल आणणारा गुल खान, ट्रक आणि तीन माणसं. सहाशे दिरहम, म्हणजे जवळपास चौदा हजार रुपये, पण शांती मिळते. मी ऑफिसातून कंट्रोल करणार. त्याला लोकेशन पाठवलं. तो म्हणाला, साब, तंबू का फोटो भेजो. मी म्हटलं, फोटो कशाला, पिनवर उभा राहा, समोर जो मोठा तंबू दिसेल तो सगळा उचल. पिन मी नोव्हेंबरमध्येच सेव्ह केली होती, पहिल्या दिवशी, गाडी वाळूत रुतली होती तेव्हा.

संध्याकाळी ५.४०. गुल खानचा मेसेज: काम खलास. ट्रक वेअरहाऊसच्या यार्डात. डेडलाइनच्या जवळजवळ चोवीस तास आधी!

फिलोमिनाला सांगितलं. तिने डोळे मिटून क्रूस केला आणि माझ्यासाठी सुक्या बोंबलांची चटणी केली. किती दिवसांनी हसली. मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

बुधवार, ३० एप्रिल
सकाळी ९.१०. यार्डात गेलो. ट्रकमधला माल चेक करतोय. पांढरं जाड कापड. गालिचे, सात. लोड-तक्के. एक भलीमोठी पितळी किटली.

हे आपलं नाही.

९.२५. ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. पिन गाडी रुतली तिथली होती. तिथून आपला तंबू तीनशे मीटर पुढे. म्हणजे मी कोणा अरबाचं घर उचलून आणलंय. पोलीस. व्हिसा. कॅरलची शाळा.

११.४०. हाफ डे टाकला. गुल खानच्या ट्रकमध्ये पुढे बसलोय. प्लॅन सोपा: याचं याला द्यायचं, माफी मागायची, आपली कनात काढायची. पोचू साधारण दोनला. चारपर्यंत भरपूर वेळ. गुल खानला कडक ऑर्डर दिली की मी स्वतः बोट दाखवल्याशिवाय आता कुठल्याही तंबूला हात लावायचा नाही. एकच चूक दोनदा होत नसते.

२.२०. पोचलो. रिकाम्या वाळूत एका चटईवर एक म्हातारा बसलाय. अबू राशिद. पांढरी दाढी, शांत. मी लांबूनच हात जोडले. सगळं खरं सांगितलं, हिंदीत. तो इतका हसला की त्याला खोकला आला. म्हणाला, आजच मला हा उतरवायचा होता, माझी माणसं आलीच नाहीत, तू माझं काम केलंस हबीबी, बस. किटली ट्रकमधून काढायला लावली आणि कॉफी ठेवली. गालिचे त्याच्या गाडीत चढतायत.

जीव भांड्यात पडला.

२.४५. फोनवर लिहितोय, परमिट बघतोय असं दाखवून. अबू राशिद स्वतः ओततो. छोटा कप, दोन घोट. मी अरबांच्या रीतीभाती जाणतो: यजमान ओतत असताना नाही म्हणायचं नाही. त्यातून मी याचं घर उचललेलं. दुसरा कप.

३.०५. चौथा. त्याने विचारलं, तुझा तंबू कुठला? काम खलास? मी म्हटलं, खलास, कधीचंच. काय सांगणार होतो? लॉजिस्टिक्सचा माणूस, दुसऱ्याचा उतरवला आणि स्वतःचा उभा? तो म्हणाला, माशाल्ला. पाचवा ओतला.

३.२०. इथून कनात दिसतेय. लाल-पिवळी, वाऱ्यावर हलतेय. आजूबाजूचे सगळे कॅम्प गेले. ती एकटीच.

३.३५. सातवा. गुल खान ट्रकपाशी उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवतोय. मी डोळ्यांनी थांब म्हटलं. अबू राशिद म्हणतो, तुझ्याइतकी कॉफी आवडणारा हिंदी माणूस पाहिला नाही.

३.५०. उजव्या बाजूने पिवळा लोडर आला. टेकडीपाशी थांबलाय. आठवा. ऊठ हर्बर्ट. उठतो. हा कप झाला की उठतो.

४.०२. नववा

संध्याकाळी ६.३०, ट्रकमध्ये.
धावलो. वाळूत धावता येत नाही. एक बूट तिथेच राहिला. पोचलो तेव्हा लोडरने एक बाजू ओढली होती आणि बांबू काडीसारखे मोडत होते. कनात बकेटच्या दातांत अडकून फाटत वर गेली. मी ओरडत होतो, ते माझ्या सासऱ्यांचं आहे. इन्स्पेक्टर तरुण मुलगा होता, सभ्य. म्हणाला, सर, फोर ओ'क्लॉक. बरोबर होतं त्याचं. लोडर थांबवून म्हणाला, हाताने निघेल ते घ्या. हातभर झालर निघाली. नावाचा कोपरा डंपरमध्ये तळाशी गेला होता.

मागून अबू राशिद आला, काठी टेकत. मोडलेले बांबू पाहिले, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, हा तुझा होता? मला का नाही सांगितलंस? माझी चार माणसं तर आली होती आता, दहा मिनिटांचं काम होतं. मी मान खाली घातली.

घरी काय सांगायचं? एक: वादळ. दोन: गुल खानची चूक. तीन: वेअरहाऊसमध्ये सेफ आहे, नंतर आणू. तिसरं बरं वाटतंय.

गुरुवार, १ मे
तिसरं सांगितलं नाही. दार तिने उघडलं आणि माझ्या हातातली झालर पाहिली.

बराच वेळ ती झालर मांडीवर घेऊन बसली. रागावली असती तर मला जमलं असतं, रागाला माझ्याकडे उत्तरं असतात. ती म्हणाली, पपांनी चाळीस वर्षांत एक मांडव उशिरा उतरवला नाही. रात्री वऱ्हाड गेलं की चर्चच्या सकाळच्या मिसापर्यंत अंगण मोकळं. लोक म्हणायचे, डाबऱ्याचा मांडव होता की नव्हता कळत नाही. आणि मग ती रडली. कॅरल आतून आली, आईला धरून बसली. मला काही बोलली नाही, इंग्लिशमध्येसुद्धा.

सकाळी फिलोमिनाने एवढंच विचारलं, ती फाटत होती तेव्हा तू कुठे होतास?

मी सांगितलं. कॉफी पीत होतो. नऊ कप. त्याने थांबवलंच नाही, मी तरी काय करू, नाही म्हटलं तर अपमान.

तिने टेबलावरचा माझा चहाचा रिकामा कप उचलला, दोन बोटांत धरून जरासा हलवला आणि परत ठेवला. म्हणाली, नको असेल तर एवढंच करायचं. मग ते ओतत नाहीत.

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? ती हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर आहे, कामाला निघाली होती, चपला घालत होती.

म्हणाली, कामाच्या पहिल्याच आठवड्यात. मी विचारलं होतं.