खपली क्रमांक पाच

७ जानेवारी, मंगळवार

आज बकुळीने लाथ मारली नाही. पहिल्यांदाच! अडीच लिटर दूध, आणि बादली शेवटपर्यंत उभी. एकसष्टाव्या वर्षी म्हैस घेतली म्हणून भाऊ फोनवर पोट धरून हसला होता. त्याला बादलीचा फोटो पाठवला. उत्तर नाही. जळतोय मेला.

श्रेय सत्यवतीचं. चौथीत माझी विद्यार्थिनी होती, तेराचा पाढा कधी धड म्हटला नाही. आता ती मला शिकवते. "अंगठो आत दुमडू नकात, बाईनू, तिका दुखता." ओरडतेसुद्धा. मी निमूट ऐकते. स्वतःची गाय सांभाळून वाडीतल्या चार घरच्या म्हशी पिळते, म्हणजे हात तयार असणारच.

बकुळीच्या एका सडावर खपली आहे. कोल्हापूरकडच्या बाजारातून आणली तेव्हापासूनच. रेडकाचा दात लागला असणार. सत्यवतीच्या अंगठ्यावर मात्र आज टपोरा लालसर फोड दिसला. हे काय गं, तर म्हणे, "काय नाय, जाता आपसूक."

९ जानेवारी

आपसूक जाता म्हणे! आणखी दोन बोटांवर आलेत. वाडीत "देवी इली, देवी इली" सुरू झालंय. मी तिला सरळ सांगितलं — बरं वाटेपर्यंत कुणाच्या गोठ्यात पाय टाकायचा नाही. चेहरा पडला तिचा. वाईट वाटलं, पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

मग चार घरच्या म्हशींचं काय? "मी येईन," म्हटलं. बोलून बसले.

१० जानेवारी

चार घरं, शिवाय बकुळी. पेन धरवत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

बसला हात! गौरजाची म्हैस सगळ्यांत खट्याळ, तीसुद्धा माझ्यापुढे गाय होऊन उभी राहते. गौरजा म्हणाली, "बाई, तुमच्या हाताक काय जादू आसा?" जादू कसली, शिस्त. प्रत्येक घरी आधी साबणाने हात धुते, तेही दोनदा. सडाला लावायला माझ्या घरचं लाकडी घाण्याचं खोबरेल, माझ्याच वाटीत. लोकांकडचं तेल खवट असतं, त्यात बोटं कोण बुडवणार? वाटी पदराखाली धरून पाच गोठे फिरते. बघणाऱ्याला वाटेल बाई प्रसाद वाटत निघाल्यात.

२१ जानेवारी, मंगळवार

झालं. चारही घरच्या म्हशींच्या सडांना फोड. गौरजाच्या बोटांनाही आले. देवळात गाऱ्हाणं घालणारे लवूकाका कपाळाला हात लावून म्हणाले, "सत्यवतेन जाताना पेरून ठेवला." मलाही तसंच वाटतं. मी वेळेवर थांबवलं म्हणून चारच घरांवर निभावलं.

माझे हात बघा — नितळ! स्वच्छता म्हणतात ती ही. अपेक्षाला फोन केला. माझ्या बहिणीची मुलगी, गुरांच्या देवीवरच डॉक्टरेट करतेय. मला वाटलं घाबरेल. पोरगी आनंदाने किंचाळली.

२५ जानेवारी, शनिवार

अपेक्षाला नांदगाव स्टेशनावरून आणलं. सामान म्हणजे एक थंड डबा आणि शंभर नळ्या. जेवायच्या आधी विचारते काय, "मावशी, खपल्या कुठे मिळतील?" घरात तिसरं कोणी नव्हतं हे नशीब.

२६ जानेवारी

दिवसभर खपल्या. चार घरच्या म्हशींच्या चार. मग सत्यवतीच्या अंगठ्याची आणि तिच्या गाईचीही. बकुळीचीसुद्धा द्यावी लागली. मी म्हटलं, अगं ती खपली जुनी आहे, हिचा काय संबंध! "यादी पूर्ण हवी," म्हणाली आणि म्हशींमध्ये बकुळीला क्रमांक पाच दिला. वर्गात पाचवा नंबर आला तर मी पाठ थोपटायचे, म्हणून बकुळीची थोपटली.

तिने सगळ्यांना हातमोजे दिले, ज्याची म्हैस त्यानेच पिळायची असा हुकूम सोडला. माझी चार घरं गेली. सुटले म्हणायला हवं, पण रुखरुख लागली.

निघताना मला म्हणाली, "निकाल येईपर्यंत कुणाचं नाव घेऊ नकोस. देवी म्हणजे एकच विषाणू नसतो. त्यांच्यात मोठं गोत आहे — सख्खे, चुलत, नावापुरते भाऊबंद. जनुकं वाचल्याशिवाय कोण कुणाकडून आला ते कळत नाही." बरं बाई, म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

देवळात गाव बसला होता. लवूकाकांनी गाऱ्हाणं घातलं — "बा देवा म्हाराजा, ह्या जा काय घाटावरसून नायतर दर्यावरसून इलेला आसा, ता इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांत मोठा.

मग शिवरात्रीचा विषय निघाला. पिंडीवर पहिलं दूध सत्यवतीच्या घरचं, हा त्यांचा पिढ्यांचा मान. यंदा काय करायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "यंदा सत्यवतीच्या घरचं दूध नको. रोग तिथून पसरलाय." माना हलल्या. गौरजाची म्हैस तोवर बरी होईल, म्हणून यंदाचा मान तिच्या घरी द्यायचं ठरलं.

सत्यवती खांबाला टेकून उभी होती. चपला घातल्या आणि गेली.

अपेक्षाला हे कळवलेलं नाही. ती उगाच ओरडेल.

९ फेब्रुवारी

सत्यवती विहिरीवर भेटली. "बकुळी बरी आसा?" एवढंच विचारलं तिने. मी पाणी न भरताच परतले. का, ते मलाच कळलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी अपेक्षाचा फोन. आधी शास्त्र सांगितलं, मग माझी शाळा घेतली.

सत्यवतीच्या अंगठ्यावरचा विषाणू तिच्या गाईचा. गाईकडून दूध काढणाऱ्याच्या हाताला लागणारा जुना, साधा प्रकार, महिना-दीड महिन्यात आपोआप बरा होतो. चार घरच्या म्हशींमध्ये तो नाहीच! त्यांच्यात आहे ती म्हशीची देवी. आडनाव एक, कूळ वेगळं. आणि त्या चौघींची जनुकं एका खपलीशी अक्षर न् अक्षर जुळतात. क्रमांक पाच.

"मावशी, तू गोठ्या-गोठ्यातून काय घेऊन फिरत होतीस?"

"काही नाही गं. हात तर साबणाने —"

आणि मग वाटी डोळ्यांपुढे आली. बकुळीच्या सडावरून तेलात, तेलातून गौरजाच्या म्हशीला, तिथून पुढे. दोनदा हात धुवायचे आणि तीच बोटं त्याच वाटीत!

मग मला कसे फोड आले नाहीत? अपेक्षा म्हणाली, तुझ्या दंडावर लहानपणच्या देवीच्या लशीचा वण आहे ना, त्यानेच बहुतेक वाचवलं. म्हणजे स्वच्छता नव्हे. सरकारी टोचणी.

"कागदावर कुणाचं नाव येणार नाही," ती म्हणाली. "फक्त क्रमांक. पण तू सांगायला हवंस."

२२ फेब्रुवारी

नाही सांगितलं. सत्यवतीच्या दारापर्यंत गेले होते. ती अंगण सारवत होती. कढीपत्ता मागून परत आले. माझ्या परसात कढीपत्त्याची तीन झाडं आहेत.

२३ फेब्रुवारी

भित्री आहेस तू. तेहतीस वर्षं पोरांना "खरं बोला" म्हणून छडी दाखवलीस.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शिवरात्रीसाठी देऊळ झाडायला सगळे जमले होते. सत्यवतीही होती, मागच्या बाजूला, समया घासत. मी झाडू खाली ठेवला आणि म्हणाले, "रोग माझ्या बकुळीचा. पसरवला मी. सत्यवतीचा काही दोष नाही."

कुणाला काही कळेना. लवूकाका म्हणाले, "बाईनू, माका कायएक समाजला नाय. फळ्यार लिवल्यासारख्या सांगा." मग खडू मागवला आणि देवळाच्या फरशीवर पाच गोठे काढले, मधे वाटी काढली, बाण काढले. सत्यवतीचा अंगठा आणि गाय वेगळ्या कोपऱ्यात. एकही बाण तिकडून निघत नाही, हे तीनदा सांगितलं. चित्र बरं जमलं.

गौरजा आपली बोटं निरखत म्हणाली, "म्हणजे माझे हे फोड तुमचे?"

"माझे गं बाई."

ती आधी हसली. मग सगळेच हसले, लवूकाकांना तर ठसका लागला. मला रडू येत होतं आणि हसूही. गौरजानेच सांगून टाकलं, "मान सत्यवतीकाकीचो. माका नको." सगळे "व्हय व्हय" म्हणाले. मी सत्यवतीपुढे हात जोडले. तिने राखेचे हात पदराला पुसले, माझे हात धरून खाली केले आणि परत समई घासायला बसली.

खडूचं चित्र पुसायला पाऊण तास लागला. कुणीही मदत केली नाही. बरोबरच आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

पिंडीवर पहिलं दूध सत्यवतीच्या घरचं.

परतताना ती माझ्याबरोबर चालली. म्हणाली, "माका जानेवारीतच कळला होता, बाईनू. मी घराक बसलेलंय, आणि चारय गोठ्यांत तुमीच."

"मग देवळात बोलली का नाहीस?"

"तुमका कळला की तुमीच सांगतलास. म्हणान थांबलंय."

मला शुक्रवारी दुपारीच कळलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.