भट्टीच्या वहीतली ओळ

प्रिय मुंगीस,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. माझं अक्षर तू फक्त चिठ्ठ्यांवर पाहिलंस, तेही 'तीन नळ्या तयार, मंगळवारी न्या' एवढंच. आता डावा डोळा मोतीबिंदूने अर्धा गेलाय, त्यामुळे ओळी वरखाली होतील. सांभाळून घे. मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात विद्यापीठातल्या विभागाने माझी काचकाम कार्यशाळा बंद केली. बर्नर उचलून नेले, टेबलं भिंतीला लावली, आता तिथे संगणक मांडलेत. काच लागली तर बाहेरून मागवतात. तीन आठवड्यांनी येते आणि मापात बसत नाही, असं शिपाई सांगत होता. ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझी काकू गेली त्याला चार वर्षं झाली. शेवटी शेवटी ती तुझी आठवण काढायची. ती बारीक पोरगी, स्वतःपेक्षा मोठी खोकी उचलून जिने चढणारी, तिचं काय झालं हो, म्हणायची. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला स्पष्ट आठवतो. हातात नियमांचं पुस्तक होतं आणि त्यात रंगीत कागदांच्या पट्ट्या खोचलेल्या. डॉक्टरेट म्हणजे प्रयोगशाळेत बसून शोध लावायचा, असं मला दहावी नापास माणसाला वाटायचं. तू टेबलावर बसून मला एकेक अट वाचून दाखवलीस. आधी वर्गात बसून पुरी करायची क्रेडिटं, मग पात्रता परीक्षा, लेखी आणि तोंडी, दोनच संधी. दोन सत्रं खालच्या वर्गांना शिकवायचं. एक परकी भाषा शिकायची, जी पुढे जन्मात कुणी बोलणार नाही. दर वर्षी प्रगतीचा अहवाल. दोन शोधनिबंध छापायला स्वीकारलेले हवेत, पहिलं नाव तुझं. आणि हे सगळं नोंदणीपासून सात वर्षांच्या आत, नाहीतर नोंदणी रद्द. सगळ्यात शेवटी अकरा सह्यांचा कागद, कुणाची वस्तू तुझ्याकडे राहिलेली नाही म्हणून. त्यातली अकरावी सही काचकाम कार्यशाळेची. तू टाळी वाजवून म्हणालीस, "म्हणजे काका, तुमच्याशिवाय कुणी डॉक्टर होऊच शकत नाही!" त्या दिवशी घरी जाऊन मी ते काकूला दोनदा सांगितलं.

तोंडी परीक्षेत तू पहिल्या वेळी नापास झालीस. कुणालाच सांगितलं नाहीस, माझ्याकडे येऊन बर्नरजवळच्या स्टुलावर बसून राहिलीस. मग आपण तो उद्योग सुरू केला. रोज जेवणाच्या सुट्टीत तू मला तुझा विषय समजावायचीस आणि मी दर दोन वाक्यांनी विचारायचो, "म्हणजे काय?" पहिला आठवडा तू माझ्यावर वैतागलीस. तिसऱ्या आठवड्यात मला तुझा विषय थोडाफार कळू लागला, तेव्हा मी म्हटलं, आता जा, मला कळलं तर त्या पाच परीक्षकांना कळायला हरकत नाही. तू पास झालीस. निकाल लागल्यावर गाइडच्या खोलीत जायच्या आधी तू धावत खाली माझ्याकडे आलीस. मुंगे, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असं दुसरं कुणी आलं नाही. हे मी का लिहितोय तर पुढचं लिहायला हात धजत नाही म्हणून.

सातव्या वर्षाचं आपल्याला दोघांनाही तोंडपाठ आहे. पाच महिने उरले होते. पहिला निबंध छापून झाला होता. दुसऱ्याला परीक्षकाने एक मापन जास्तीचं मागितलं होतं, सहा आठवड्यांत. ज्या यंत्रावर ते करायचं ते दुसऱ्या संस्थेत, आणि तिथली तुझी पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी. ती चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. नमुना गोठवायची फुग्याची नळी आदल्याच दिवशी तडकली होती. तू दुपारी बाराला येऊन सांगून गेलीस. चारला परत आलीस तेव्हा नवी नळी फुंकून, जोडून तयार होती. तू म्हणालीस, "काका, आजच हवी." मी म्हटलं, "घेऊन जा."

आता मी जे लिहितो ते नीट वाच. काच फुंकून झाली की वरून थंड दिसते, पण आत ताण धरून बसते, राग गिळलेल्या माणसासारखी. म्हणून ती भट्टीत घालून साडेपाचशे अंशांपर्यंत न्यायची आणि मग दोन-तीन तास हळूहळू निववायची. हे तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक नव्हतं ते हे, की तुझी नळी भट्टीत गेलीच नाही. भट्टीची तार त्या आठवड्यात जळली होती. मी दुरुस्तीचा अर्जही न देता गप्प बसलो होतो, कारण कार्यशाळा चालवायची की नाही यावर वरती बैठका चालू होत्या आणि माझी भट्टी बंद आहे हे मला कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. ताण बघायची दोन काळ्या भिंगांची पेटी होती ना कोपऱ्यात? तू हात धुवायला गेलीस तेव्हा मी नळी त्यात धरली. सांध्यापाशी रंगीत पट्टा दिसला, म्हणजे ताण तिथे होता. चांगला नखाएवढा रुंद. मला दिसला, मुंगे. तेव्हा माझे डोळे शाबूत होते. मी बर्नरची मंद ज्योत त्यावरून दोन-चार वेळा फिरवली, मनाशी म्हटलं, एका दिवसाचं काम आहे, निभेल, आणि कापसात गुंडाळून तुझ्या हातात दिली.

तासाभराने वरून आवाज आला. मी जिने चढून आलो तेव्हा तू भिंतीला टेकून उभी होतीस, डोळ्यांवरचा चष्मा पांढरा झालेला, आणि उजवा हात डाव्या हातात धरलेला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. काचेचे तुकडे छतात रुतले होते. तू मला बघून काय म्हणालीस ते तुला आठवत नसेल. म्हणालीस, "सॉरी काका, फुटली."

चौकशी तीन जणांची होती. नमुना गोठवताना अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये नळी किती हळू बुडवलीस, हे त्यांनी तुला चार वेळा विचारलं. तीन वेळा तू म्हणालीस, नेहमीसारखी, हळू. चौथ्या वेळी तू थांबलीस आणि म्हणालीस, "बहुतेक मी घाई केली असेन." मग विभागप्रमुख माझ्याकडे वळले. "काच भट्टीत निववली होती ना?" मी म्हणालो, "हो साहेब." त्यांनी भट्टीची वही मागितली. वहीत त्या तारखेला ओळ होती. ती मी चौकशीच्या दिवशी सकाळी लिहिली होती, पेन बदलून, आधीच्या ओळींशी अक्षर जुळवून. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. तुझा माझ्यावर विश्वास होता, म्हणून त्या क्षणी तुझा स्वतःवरचा गेला. हे मला तिथेच समोर दिसलं. मी तरीही खुर्चीतून हललो नाही.

काकूचं आजारपण, तिचे उपचार नोकरीवर अवलंबून, निवृत्तीला राहिलेली वर्षं, ही सगळी कारणं माझ्याकडे आहेत आणि खरीही आहेत. नऊ वर्षं मी ती स्वतःला सांगत आलो. तुला सांगत नाही.

निर्णय लागला: विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा, एक वर्ष प्रयोगशाळेत प्रवेश बंद. मला वाटलं होतं, एक वर्षच तर आहे, मुदतवाढ मिळेल. मग पदव्युत्तर विभागातल्या कारकून बाईंनी मला नियम दाखवला. सात वर्षांपुढे एक वर्ष वाढवून मिळतं, पण 'विलंब उमेदवाराच्या स्वतःच्या दोषामुळे झालेला नसल्यास'. ती एक ओळ. मी खरं बोललो असतो तर दोष माझा ठरला असता आणि वर्ष तुला मिळालं असतं. बाई म्हणाल्या, "वाईट झालं हो पोरीचं." मी म्हटलं, "हो ना." आणि जेवायला गेलो. जेवलोसुद्धा.

सोडून जातानाही अकरा सह्या लागतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तू तो कागद घेऊन आलीस, बँडेजच्या हाताने, दहा सह्या झालेल्या. माझ्या रकान्यात 'काही बाकी नाही' असं लिहायचं असतं. मी लिहिलं.

दोन महिन्यांपूर्वी मी विद्यापीठात जाऊन लेखी जबाब दिला. भट्टीचं, पेटीचं, वहीचं, सगळं. विभागप्रमुख आता नवे आहेत, तुझ्या मागचे, तू ज्यांना प्रयोग शिकवायचीस त्यांच्यातले. त्यांनी जबाब दोनदा वाचला. मग म्हणाले, "काका, तिने मला काच धरायला शिकवलं होतं." समिती बसली. तुझ्यावरचा ठपका काढून टाकलाय, तो कागद सोबत आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल, त्याची चौकशी करू नकोस. पण पदवीचं मी विचारलं तेव्हा कुलसचिवांनी पुस्तक उघडलं. रद्द झालेली नोंदणी दोन वर्षांच्या आत जिवंत करता येते. नऊ झाली. हवं तर नव्याने नाव घालता येईल: पुन्हा क्रेडिटं, पुन्हा पात्रता परीक्षा, पुन्हा सात वर्षं. तुझे गाइड तर केव्हाच वारले. मी म्हटलं, चूक तिची नव्हती हे तुम्हीच लिहून दिलंत ना? ते म्हणाले, "ते मान्य आहे, पण मुदत ही मुदत." माणूस वाईट नव्हता, पाणी विचारलं त्याने. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. पायऱ्या उतरताना मला कळलं की मी जे तुझ्याकडून नेलं ते परत आणायची खिडकीच या इमारतीत नाही.

तू विचारशील, नऊ वर्षं गप्प होतात, मग आत्ताच का. तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत तुझा दादा भेटला. त्यानेच ओळखलं मला. तुला मुलगी झाली म्हणाला, मी आनंदाने त्याचा हात धरला. मग तो हळूच म्हणाला, तू तिला अंघोळ घालत नाहीस. गरम पाण्याजवळ घेत नाहीस, जिन्यावरून नेत नाहीस, तिची नखंसुद्धा तुझी आई कापते. कुणी म्हटलं तर म्हणतेस, माझ्या हातून काहीतरी होईल, मागे एकदा झालंय. दादाला वाटतं हे त्या अपघातात तुझी बोटं आखडल्यामुळे आहे. मी तिथे रांगेत उभा होतो, माझा नंबर पुकारला आणि निघून गेला. पोरी, पदवी मी तुला देऊ शकत नाही, माफी मागायची माझी लायकी नाही आणि तू ती देऊही नकोस. मी हे पत्र फक्त एका गोष्टीसाठी लिहिलंय. साडेसहा वर्षांत तू माझ्याकडून दोनशेच्या वर नळ्या नेल्यास आणि तुझ्या हातून एकही फुटली नाही. त्या दिवशीसुद्धा नाही. ती माझ्या हातून फुटली, तुझ्या हातात. तेव्हा हे वाचून झालं की आईला बाहेर बसव, पाणी काढ, आणि तुझ्या लेकीला तू अंघोळ घाल.

तुझाच,
काचकाका