पाठ केलेलं वाचन

६ सप्टें., शनि.
इथल्या मराठी मंडळाचा गणपती. सईने अख्खं अथर्वशीर्ष म्हटलं, कुठेही न अडखळता. वैशालीकाकू म्हणाल्या, "तिसरीतली पोर गं! काय खाऊ घालतेस हिला?" मी फुगून टम्म. येताना नितीनलाही ऐकवलं, बघ, तुझ्या लेकीला माझी शिकवण. बिचारा गाडी चालवत होता.

१८ सप्टें., गुरु.
शाळेत मीटिंग. टीचर म्हणाल्या, सईला वाचता येत नाही. मी हसलेच. रोज संध्याकाळी माझ्यासमोर वाचते की! "नवीन पान दिलं की गप्प होते." डिस्लेक्सिया असू शकेल, टेस्टिंग करू या, तुमची संमती हवी. शाळेला शंका पहिलीतच आली होती म्हणे. पण घरी दुसरी भाषा, शिवाय इंडियन मुलं आपोआप पुढे जातात, म्हणून थांबले. संताप झाला. पण इंडियन मुलं पुढे जातातच, हे पहिलीत ऐकून आम्ही दोघं खूश झालो होतो, ते कुणाला सांगू?

२० सप्टें., शनि.
लायब्ररीतून तिने न पाहिलेलं पुस्तक आणलं. चित्रं बघून मस्त गोष्ट सांगितली, आवाज बदलून बदलून. पानावर त्यातलं काहीच नव्हतं. शब्द वाच, म्हटलं. "यू रीड फर्स्ट, देन आय विल."
आमची पद्धतच ती. आधी मी, मग ती, पाठ होईपर्यंत. स्तोत्रं तशी, पाढे तसे, शाळेची पुस्तकंही तशीच. म्हणजे न वाचता निभावून कसं न्यायचं ते मीच शिकवलं. आणि वर आज ओरडले, लक्ष कुठंय तुझं? ती रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

२३ सप्टें., मंगळ.
नितीन : "लेबल लागेल. ब्राउन मुलगी, त्यात स्पेशल एडचा वेगळा वर्ग. कोपऱ्यात बसवून ठेवतील." भीती खोटी नाही त्याची. पण मग करायचं काय? "ट्यूशन लावू यार, येईल हळूहळू." भांडलो. तिच्या खोलीचं दार उघडं होतं, नंतर लक्षात आलं.

२९ सप्टें., सोम.
संमती कळवली. नितीन शेवटी "कर" म्हणाला. आणि, "मंडळात बोलू नकोस."

५ ऑक्टो., रवि.
रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये वैशालीकाकू. त्यांची नात अन्वी रोजच्या शाळेत सईच्याच वर्गात. "सईची कसली टेस्ट आहे गं? अन्वी सांगत होती." माझ्या तोंडून पटकन, "गिफ्टेडची, काकू. खास हुशार मुलांची असते ना, ती." "वाटलंच होतं मला!"
सई मागच्या सीटवर, काच खाली. काकू गेल्यावर तिला समोसे घ्यायचे का, एवढंच विचारलं. शी.

७ ऑक्टो., मंगळ.
टेस्टिंगचा पहिला दिवस. आणायला मीच गेले. बरं गेलं म्हणाली. बेल्ट लावला, मग, "आई, अन्वी आस्क्ड मी. आय टोल्ड हर इट्स द गिफ्टेड टेस्ट. डिड आय से इट राइट?"
गाडी बाजूला घेतली. नाही गं बाळा, म्हटलं, मीच खोटं बोलले होते.
तिने विचारलं, "देन व्हॉट डू आय से?"
इतकी हुशारी मिरवली आणि पोरीला देण्यासारखं एक वाक्य नाही माझ्याकडे. टेस्टिंग उद्याही आहे. अन्वी उद्याही विचारेल.