गंग्याच्या वहीतला तारा

मंगळवार, दिवे लागायच्या टायमाला

आज मी बाईंच्या टेबलावरचा चमकीचा तारा चोरला. चांगलं लिहिलं, वाचलं की बाई वहीत तारा चिटकवतेत अन् सगळा वर्ग कडक टाळी देतो. गंग्याला आजवर एकबी न्हाई. तो वाचायला उठतच न्हाई. तपासलेल्या वह्या वाटायचं काम माझ्याकडं. हळूच त्याच्या वहीत तारा चिटकवला. म्हणलं, बाई "मी कवा दिला?" म्हणतील, अन् पोरं हसतील.

पण तारा बघून गंग्या उभाच राहिला! "बाई, आज मी वाचू का?"

अडखळत, घाम पुसत सगळा धडा वाचला त्यानं. मला हसूच येईना. बाईंनी वही बघितली, मग माझ्याकडं. मेलो म्हणलं.

"गंगाधर, तो तारा कालचा. हा आजचा," म्हणत बाईंनी शेजारी दुसरा लावला. लय जोरात टाळी माझीच!

सुटल्यावर बाई कानात म्हणल्या, "चोरट्या, उद्या तू वाचायचं." आता तोच धडा वाचायलोय.

गंग्यानं वही दप्तरात ठेवलीच न्हाई, छातीशी धरून घरी नेली. ही रोजनिशी कुणाच्या हाती लागली तर पाया पडतो बाबा, पहिला तारा कुणाचा ते कुणालाच सांगू नको. गंग्याला तर न्हाईच न्हाई!