पत्त्याची शेपटी

३ जून
शुद्धलेखन चुकेल. टायपिंगही हळू आहे — एक बोट चालतं, बाकीची नुसती सोबत येतात. कोणी वाचणार नाहीये, तरी आधीच माफी मागून ठेवते. सवय. फाईलचं नाव ‘टेस्ट दोन’ ठेवलंय. असल्या नावाची फाईल कोणी उघडत नाही.

नववीत शाळा सोडली. उभं राहून धडा वाचायला लावायचे आणि माझा घसा बंद व्हायचा. इथे कोणी वाचायला लावत नाही. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, तीन कॉम्प्युटर, एक पंखा, सर आणि मी. लहान मुलांचे कपडे, बूट कुठे स्वस्त आहेत ते आमच्या साईटवर लागतं. दुकानांकडून लिंका येतात, हातभर लांब. त्यांच्या शेपट्या कापायच्या. हे माझं काम.

५ जून
लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही. दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण नुसता वापरायचा. त्यातलं एक फंक्शन वेबचा पत्ता फोडतं — दुकानाचं नाव वेगळं, आतली वाट वेगळी, प्रश्नचिन्हापुढची शेपटी वेगळी. दुसरं फंक्शन ते तुकडे परत जोडतं. मी हातानेच जोडत बसले होते. सर म्हणाले, “प्लस प्लस काय करतेस, भाजीचा हिशोब आहे का? लायब्ररीला सांग की.”

मग लायब्ररीला सांगितलं, तर वाटेतला शेवटचा तुकडाच गायब. ‘मुलं’च्या पुढे ‘बूट’ लावायला गेले, ‘मुलं’ उडाली आणि त्यांच्या जागी ‘बूट’ येऊन बसले. सर हसले. “शेवटी स्लॅश दिला नाहीस. स्लॅश असला की ती खोली, आत वस्तू ठेवता येते. नसला की नुसता कागद. लायब्ररी तो उचलते आणि दुसरा ठेवते.”

एवढ्याशा रेघेसाठी? हे मनात. तोंडाने नुसतं हं.

९ जून
दाजी आले होते. ताई चिमीला घेऊन त्यांच्या घरातून गेली तेव्हापासून रोज संध्याकाळी येतात. बाबांच्या शेजारी बसतात. आवाज कधी चढवत नाहीत. “बाबा, मी काय राक्षस आहे का? माझी पोरगी बघायचीय मला. बाकी काही नाही.”

बाबा म्हणतात, थोडंफार सगळ्यांच्याच घरात होतं.

ताईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते थोडंफार.

आई चहा देते आणि आत जाते. तिचा फोन दाजींनीच घेऊन दिलाय. तेच तो उघडतात, तेच साफ करतात. “जागा भरली होती आई, मोकळी करून दिली.” आज मला विचारलं, “काय छोटे सरकार, ताईचा काही पत्ता?”

दिवसभर हाच शब्द ऐकते मी. तरी उठून आत गेले.

११ जून
ताईची मेल आली. ती ऑफिसच्या मेलवर लिहिते, ती मी घरी कधीच उघडत नाही. घरात कोणाला माहीत नाही. एका फ्रॉकची लिंक होती. “चिमीला कसा दिसेल?”

सवयीने शेपटी वाचली. सामान कुठे पोचवायचं ते दुकानाने त्यातच लिहून ठेवलेलं. गाव, गल्ली, घर नंबर. सगळं उघडं. मी तिला कधी विचारलं नव्हतं, कुठे आहेस म्हणून. माहीतच नसलं तर कोणी काढून घेऊ शकणार नाही. आता माहीत झालं.

तिला लिहिलं, लिंका पाठवू नकोस, फोटो पाठव. तिचं उत्तर — “फोटो जात नाही गं, इथे नेट येतं-जातं. तू आहेस ना हुशार, काप.”

१२ जून
जेवण गेलं नाही.

१४ जून
आई भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “चिमीचा पाय केवढा झाला असेल गं?” नळ चालूच होता.

ताईने कालच बुटांची लिंक पाठवली होती. लाल, पट्ट्याचे. आज ऑफिसात ती फोडली, शेपटी रिकामी केली, परत जोडली, आणि आईच्या फोनवर पाठवली. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. नुसते बूट.

घरी आले तर आई गॅससमोर उभी, फोन हातात. दुसऱ्या हाताची बोटं हवेत धरलेली, बुटाएवढी. मला बघून म्हणाली, “दूध उतू चाललंय वाटतं.” दूध ठेवलेलंच नव्हतं.

१५ जून
सरांनी खुर्ची ओढून शेजारी बसवलं. “प्रश्नचिन्हापासून कापलंस. हॅश बघितलास?” पत्त्याच्या टोकाला हॅशची खूण असली तर त्याच्या पुढचं सर्व्हरला जातच नाही, आपल्याजवळच राहतं. पण लिहिलेलं असतं. डोळे असतील त्याला वाचता येतं. लायब्ररीच्या लेखी तो वेगळा तुकडा. मी तिला शेपटी रिकामी कर म्हटलं होतं, हॅशचं काही बोललेच नव्हते.

“सांगितलं तेवढंच करते ती. तुझ्यासारखी.” गंमत करत होते सर.

मी बुटांची लिंक उघडली. शेपटी नाही. हॅश आहे. हॅशच्या पुढे तेच परत — गाव, गल्ली, घर नंबर.

पोट दुखतंय सांगून निघाले. पळत. दाजी आज लवकर आलेले. आईचा फोन त्यांच्या हातात.

“बूट छान आहेत,” म्हणाले. “कोणासाठी बघताय आई?”

“शेजारच्या नातीसाठी. तिचा वाढदिवस आहे.”

शेजारी नात नाही. आईला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. दाजींनी हसून फोन परत दिला. चहा सावकाश संपवला. बशीत सांडलेला पण प्यायले.

१६ जून
ऑफिसात पोचल्या पोचल्या ताईला लिहिलं. निघ. आत्ताच निघ. माझी चूक झाली. उत्तर नाही. तिथे नेट येतं-जातं.

घरी आले तर आई नाही. सकाळीच मावशीकडे गेली म्हणे, मावशीला बरं नाही. बाबा चिडलेत. “हिला आत्ताच जायचं होतं!” मलाही राग आला. आयुष्यात एकदा स्वतःहून तिला काही सांगणार होते, नेमकी आजच गेली. मी भात केला, खाली लागला. बाबा करपलेला खात बसले.

दाजी आले नाहीत.

१७ जून
आजही नाहीत. ताईचं उत्तर नाही.

ऑफिसात मी लिंकांचे सगळेच तुकडे कापत सुटले होते, आतली वाटसुद्धा. साईटवरची प्रत्येक लिंक दुकानाच्या दारात नेऊन सोडते आणि पुढे काही नाही. सरांनी बघितलं. ओरडले नाहीत. “घरी जा,” म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी कशाला जाऊ? दाजी आलेले नाहीत हेच बघायला?

१८ जून
दाजी आले. बसले नाहीत. काल तिथे पोचले होते म्हणाले, गाडी मिळवण्यात परवाचा दिवस गेला. खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, तिची आई आली होती परवा दुपारी. दोघींना घेऊन गेली, कुठे ते बोलली नाही.

बाबा म्हणाले, “कोणाची आई?”

मग मावशीला फोन. मावशी ठणठणीत. आईचा फोन पिठाच्या डब्यात सापडला, बंद. बाबांनी तो फुंकर मारून साफ केला, चालू केला, आणि माझ्यापुढे धरला. दोघंही माझ्याकडे बघत होते.

“तुला येतं ना गं यातलं? पत्ता काढ.”

“नाही येत,” म्हटलं.